डोक्यावरची मूठ

शनिवारी संध्याकाळी ती कामावरून घरी आली तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर एक खोकं होतं आणि खोक्यावर छापलेलं नाव समोरच्या दुकानाचं होतं. समोरच्या म्हणजे ती जिथे नोकरी करायची त्या दिव्यांच्या दुकानाच्या समोरच्या. ज्या दुकानाचा तिचा मालक रोज शटर वर करताना नाव न घेता उद्धार करायचा, जिथून एखादं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने बाहेर पडून रस्ता ओलांडून आपल्याकडे आलं की काउंटरवर सगळ्यांना आनंदाच्या उकळ्या फुटायच्या, त्या दुकानातून तिच्या सख्ख्या नवऱ्याने दिवा आणला होता. तिने खांद्यावरची पर्सही काढली नाही. आधी खोकं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, कानाशी नेऊन जरासं हलवलं. आत काच होती, पत्र्याची वाटी होती आणि वायरीचं भेंडोळं होतं. म्हणजे छताला चिकटणारा नव्हे, लोंबता. समोरच्या दुकानाचा राग बाजूलाच राहिला.

नवरा आतल्या खोलीतून टॉवेलला हात पुसत आला. त्याचं शिवणकामाचं दुकान खाली कोपऱ्यावरच होतं आणि शनिवारी तो लवकर बंद करायचा.

"आलीस? बघितलास?"

"हे काय आहे?"

"दिवा."

"ते कळतंय मला. जन्म गेला माझा त्यात. आमच्या दुकानातले दिवे काय मेले होते?"

"तुमच्या दुकानात तू असतेस ना," तो म्हणाला. "तू मला हा दिला नसतास."

ते खरं होतं.

दुकानात तिला सगळे दिवेताई म्हणायचे. मालकाने तिच्याकडे सोपवली होती ती लहान घरं. मोठ्या बंगल्यांची गिऱ्हाइकं तो स्वतः बघायचा, त्यांना खुर्ची द्यायचा. दोन खोल्यांवाले, एका खोलीवाले, नवी जोडपी, भाड्याने राहणारे, यांना म्हणायचा, 'दिवेताईंकडे जा.' ही माणसं कुठल्या तरी मासिकातलं चित्र कापून घेऊन यायची. चित्रात महालासारखी खोली आणि मधोमध काचेच्या लोलकांचा डोलारा. ती त्यांचं सगळं ऐकून घ्यायची, हसायची नाही, आणि मग एकच प्रश्न विचारायची, 'घरात सगळ्यात उंच कोण?' लोक जरा चमकायचे. मग कोणी नवऱ्याकडे बोट दाखवायचं, कोणी मुलाकडे. बहुतेक घरांत उंच माणसाचं कौतुक असतं, तो पुढे व्हायचाच. ती त्याला बूट काढून भिंतीशी ताठ उभं करायची. 'डोक्यावर मूठ ठेवा. आता अंगठा वर करा.' सगळं दुकान बघत असायचं. तो माणूस कसंनुसं हसत डोक्यावर मूठ ठेवून अंगठा वर करायचा आणि त्या अंगठ्याच्या टोकाला तिची खूण व्हायची. दिव्याचं बूड त्या खुणेच्या वर राहिलं तर घरात लोंबता दिवा शोभतो. खाली आलं तर त्याच्याखाली टेबल ठेवा, खाट ठेवा, काहीही ठेवा, पण माणसाची वाट ठेवू नका. आणि तेही जमत नसेल तर निमूटपणे ताटली घ्या. ताटली म्हणजे छताला चिकटून बसणारा चपटा दिवा. दुकानातले सगळे त्याला ताटलीच म्हणायचे. ताटली कुणाच्या अध्यात नसते की मध्यात नसते. फक्त तिच्यावर जीव कुणाचा जडत नाही.

वर्षानुवर्षं हे करून तिची नजर अशी बसली होती की मूठ आणि अंगठा हा आता नुसता देखावा उरला होता. माणूस दुकानाच्या दारातून आत आला की त्याची उंची तिला बोटभराच्या फरकाने कळायची. लोकांना मात्र मापाचा सोहळा आवडायचा, म्हणून ती तो करायची. आणि एवढं सगळं असून तिच्या स्वतःच्या घरात दोन्ही खोल्यांना ताटल्या. नवऱ्याला लोंबत्या दिव्याची फार हौस. लग्न झालं तेव्हापासून तो म्हणत आला होता, 'एक दिवा आण ना गं, खोलीच्या मधोमध, छान काचेचा. जेवताना वर बघितलं की बरं वाटेल.' ती दर वेळी म्हणायची, 'छत बघितलंत का? बाबा आले की डोकं आपटेल त्यांचं.' आणि हे ती बाबांच्या देखतही म्हणायची. बाबाही मान हलवून म्हणायचे, 'खरंय, माझं डोकं म्हणजे पंचाईतच.' हा घरातला जुना विनोद होता. मुलगी शिकायला परगावी गेली तरी तिथून फोनवर विचारायची, 'आजोबांचं डोकं काय म्हणतंय?'

तिचे वडील उंच होते. साधे उंच नव्हे, लोकांनी वळून बघावं इतके. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचं काम करायचे आणि गल्लीत त्यांना सगळे शिडी म्हणायचे. कुणाच्या घरातला बल्ब गेला की, 'शिडीला हाक मारा.' त्या घरात स्टूल असायचं, टेबल असायचं, पण शिडीलाच बोलवायचे, कारण त्यात गंमत होती. बाबा जायचे, हात वर करायचे आणि टाचासुद्धा न उचलता बल्ब काढायचे. आपल्या घरी बल्ब गेला तर मात्र त्याची पद्धत ठरलेली होती. धाकट्या भावाने हात पसरून जुना बल्ब झेलायला उभं राहायचं आणि तिने बटणापाशी. 'बंद?' बाबा विचारायचे. 'बंद!' ती ओरडायची. बटणावर तळहात दाबून धरायची, जणू काही ते आपणहून चालू होईल. बाबांचा हात वर जायचा, सदरा पोटापर्यंत वर सरकायचा, अंधारात काच पितळेवर घासल्याचा बारीक आवाज यायचा. मग 'नवा दे', मग परत तो आवाज, आणि मग बाबा म्हणायचे, 'लाव.' ती लावायची. उजेड पडायचा तो आधी बाबांच्या तोंडावर, कारण सगळ्यांत जवळ तेच असायचे. डोळे बारीक करून ते खाली बघायचे आणि तिला वाटायचं, उजेड यांनीच आणला. दिव्यांच्या दुकानात नोकरी मिळाली तेव्हा मालकाने विचारलं होतं, 'अनुभव काय?' ती म्हणाली होती, 'लहानपणी बटणावर होते.' मालकाला काही कळलं नव्हतं, पण हसला होता.

आता प्रश्न होता तो त्याच बाबांचा. ते ज्याच्याकडे राहायचे त्या धाकट्या भावाची बदली झाली होती. दूरच्या शहरात, सातव्या मजल्यावरचं कंपनीचं घर मिळालं होतं. इथलं घर तो सोडणार होता. फोनवर म्हणाला, "ताई, बाबांना मी नेतोच आहे, त्यात काही प्रश्न नाही. पण त्यांना विचारूया एकदा. रविवारी जेवायला येतो तुझ्याकडे. ते म्हणतील तसं." ते म्हणतील तसं! बाबा काय म्हणणार होते? त्यांनी आयुष्यात कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्यांना कुणी 'या' म्हटल्याशिवाय ते यायचे नाहीत, आणि 'या' नीट म्हटलं नाही तर आलेलेही परत जायचे. या गावात त्यांचं वाचनालय होतं, बागेतला बाक होता, छापखान्यातले दोन मित्र अजून जिवंत होते. सातव्या मजल्यावर ते खिडकीशी बसून राहतील आणि सुनेने दिलेल्या कपात चहा पितील आणि कुणालाही कसलाही त्रास देणार नाहीत. या विचाराने तिला झोप यायची नाही. तिला ते इथे हवे होते. बाहेरच्या खोलीत, भिंतीशी एक खाट टाकून. तिला ते इतके हवे होते की ती ते धडपणे बोलूही शकत नव्हती.

मंगळवारी जेवताना तिने विषय काढला होता. "अहो, बाबा आपल्याकडे आले तर?" नवऱ्याच्या हातात घास होता. तो वर बघत होता, ताटलीकडे. "बघू," म्हणाला. बास, तेवढंच. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या 'बघू'चे प्रकार माहीत असतात. एक 'बघू' म्हणजे हो, एक म्हणजे नाही, आणि एक म्हणजे खरोखरच बघू. हा कुठला होता ते तिला चार दिवस कळलं नाही. आणि आज टेबलावर हे खोकं. तिच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, ठाण मांडून बसली. ज्या खोलीत लोंबता दिवा त्या खोलीत बाबा नाहीत, हे या घरात कुणालाही शिकवायची गरज नव्हती. तिनेच ते इतकी वर्षं घोकून पाठ करून घेतलं होतं. तोंडाने नाही म्हणायला जीभ वळली नाही म्हणून नवऱ्याने छताकडून म्हणवून घेतलं होतं. उद्या बाबा येतील, दारात उभं राहून दिवा बघतील आणि एका अक्षराने न विचारता समजतील. शिडीला काय, उजेडातलं सगळं कळतं.

तो तसा दुष्ट माणूस नव्हता. तिने रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, त्याच्या बाजूने विचार करून पाहिला. दोन खोल्या. सासरा म्हणजे परकाच माणूस, कितीही भला असला तरी. सकाळी बाथरूम एक, बाहेरच्या खोलीत घोरणं, शिंकणं, रेडिओ. दिवसभर लोकांचे खांदे-छाती मापून आलेल्या माणसाला संध्याकाळी आपल्या घरात पाय पसरून बसावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं? त्याने तसं सांगितलं असतं तर ती भांडली असती, रडली असती, पण समजली असती. हे असं न बोलता खोकं आणून ठेवणं तिला झोंबलं. आणि तेही समोरच्या दुकानातून.

रविवारी सकाळी त्याने स्टूल मधोमध ओढलं. टेबल खिडकीकडे सरकवून टाकलं. ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होती, पण तिथून बाहेरची खोली अर्धी दिसायची, आणि त्या अर्ध्यात तिला दिसलं ते बघून तिचा हात थांबला. दिवा टेबलाच्या वर नव्हता येणार. मोकळ्या जमिनीवर, ऐन वाटेत येणार होता. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने असं म्हटलं असतं तर तिने त्याला दिवा विकला नसता.

"टेबल बाजूला का घेतलंत?"

"तिथे नको," तो स्टुलावरून म्हणाला. दातांत स्क्रू होता.

"वाटेत लावताय?"

"हूं."

"लोक जातील-येतील कुठून?"

"खालून."

थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "किती खाली घेऊ गं? सांग ना, तू त्यातली माहीतगार." तिने नळ सोडला आणि ऐकूच आलं नाही असं केलं. मग काही तरी खसखसलं म्हणून तिने डोकावून पाहिलं. तो खाली उतरला होता. त्याने गळ्यातली मापाची पट्टी काढली, बूट काढायच्या जागेजवळच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत धरली आणि शिवणकामाच्या निळ्या खडूने भिंतीवर एक आडवी रेघ मारली. जरा विचार करून तिच्या वर मूठभर अंतर सोडून आणखी एक मारली. मग परत स्टुलावर चढून दिव्याचं बूड त्या वरच्या रेघेला आणून वायर आवळली. तिने रेघा बघितल्या आणि तिच्या नजरेने आपोआप हिशेब केला. खालची रेघ त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या वर होती. तो मध्यम उंचीचा माणूस. तिच्याही वर, धाकट्याच्याही किंचित वर. पण बाबांच्या? बाबांचं कपाळ तिथे येईल. दिव्याची काच बरोबर त्यांच्या केसांत बसेल. मापून, खडूने रेघ मारून, पट्टी लावून त्याने हे केलं होतं. शिंपी माणूस, त्याचं माप चुकत नाही. म्हणजे चूक नव्हती ही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं आणि जेवणाच्या तयारीला लागली. रडायला सवड कुठे होती, माणसं यायची होती.

दिवा तसा देखणा होता, हे तिला कबूल करावं लागलं. दुधी काचेची उपडी वाटी, कडेला पितळी पट्टी, बेताचा आकार. लहान खोलीत मोठा दिवा घेतला तर खोली आणखी लहान होते, हे लोकांना सांगून सांगून तिचा घसा बसायचा. नवऱ्याला ते न सांगता कळलं होतं, किंवा इतकी वर्षं ऐकून कळलं असेल. आत बल्ब मात्र नव्हता.

"बल्ब?"

त्याने खिशावर हात ठेवला. "आहे. मग लावू."

"मग कशाला? स्टूल आहे तर आत्ताच लावा."

"मग लावू म्हटलं ना," तो म्हणाला आणि स्टूल उचलून आतल्या खोलीत ठेवून आला.

ते आले तेव्हा दुपार झाली होती. आधी धाकटा आला, घाम पुसत, "काय ताई, काय जिने आहेत तुमचे!" म्हणत. जिना एकच मजल्याचा होता. त्याच्या मागे बाबा. दाराच्या चौकटीत त्यांनी मान खाली घातली, नेहमीसारखी, खांदे आत ओढून, आणि आत आले. ही चौकट त्यांना लागायची म्हणून ते पहिल्यापासून असेच यायचे. आत आलं की उजव्या हाताला दारालगतच एक खुर्ची होती, त्यांची. तिच्यावर बसायचे आणि जेवायला हाक मारेपर्यंत उठायचे नाहीत. जेवून परत खुर्चीत, आणि खुर्चीतून दारात, दारात मान खाली. इतक्या वर्षांत बाबा या खोलीच्या मधोमध उभे राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. पण आज खुर्चीवर धाकट्याने आपली पिशवी टेकवली होती. बाबांनी पिशवीकडे बघितलं, आणि माणूस बसायला दुसरी जागा शोधतो तसे ते सरळ पुढे निघाले, खिडकीजवळच्या टेबलाकडे.

"बाबा, डोकं!" ती ओरडली. हातातलं पातेलं तिने कुठे ठेवलं तिचं तिला कळलं नाही. "डोकं सांभाळा, वर दिवा आहे!"

बाबा थांबले. थांबले ते नेमके दिव्याखाली. मान वर करून त्यांनी बघितलं. दुधी काचेची कडा त्यांच्या डोक्याच्या वर होती. चांगली वर. मूठभर.

तिला आधी वाटलं, दिवा वर गेला. वायर वर ओढली गेली असेल. मग तिने भिंतीवरच्या खडूच्या रेघेकडे पाहिलं, खालच्या. बाबांचं पांढरं डोकं बरोबर त्या रेघेच्या उंचीला आलं होतं. गिऱ्हाइकाला बोटभराच्या फरकाने ओळखणारी ती, हजारो माणसांना भिंतीशी उभं करणारी, तिला आपला बाप दिसला नव्हता. तिने त्यांचं माप घेतलं होतं ते जुन्या घरात बटणापाशी उभं राहून, खालून वर बघत, आणि तेच माप घेऊन ती आजवर छत बघत आली होती. पाठ वाकली होती. मान पुढे आली होती. खांदे कुठल्या कुठे गेले होते. आणि हे आज झालं नव्हतं, काल झालं नव्हतं. डोकं लागायला हवं होतं, असं तिला वाटलं. आपटलं असतं, ही काच फुटली असती, खोलीभर तुकडे झाले असते, तरी चाललं असतं.

"लागत नाही गं," बाबा म्हणाले. जरा ओशाळे झाले होते. "बघ ना. आरामात."

"कधीपासून?" तिने विचारलं. कुणाला विचारलं ते तिलाही कळलं नाही. पण नवरा म्हणाला, "बरीच वर्षं झाली."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्याकडेच शिवतात ना ते. पाय आहेत तेवढेच राहतात माणसाचे. कमी होतं ते कमरेच्या वर. पाठ वाकली की सदरा पुढून लोंबतो आणि मागून वर चढतो. मग पुढून आखूड करायचा, मागून सोडायचा. दर वेळी थोडं थोडं." त्याने बाबांच्या सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून दाखवलं. "नीट बसतोय ना? म्हणून तुला कळलं नाही."

"मीच सांगितलं होतं जावईबापूंना," बाबा म्हणाले. "म्हटलं, तिला नका बोलू. तिला मी उंच लागतो."

धाकटा मध्येच हसला, मग हसू नये असं वाटून थांबला. म्हणाला, "घरी मला वाटायचं, मीच वाढतोय."

"या वयात?" बाबा म्हणाले.

ती अजून ओट्याच्या आणि खोलीच्या मध्ये उभी होती. तिला नवऱ्याकडे बघवेना. चार दिवस आणि एक रात्र तिने त्याला मनातल्या मनात फाडून खाल्लं होतं, आणि हा माणूस वर्षानुवर्षं तिच्या बापाच्या सदऱ्यांतून बोट-बोट कापड कापून टाकत बसला होता, तिला दिसू नये म्हणून. तिने विचारलं, "मग हा दिवा? ताटली काय वाईट होती?"

नवऱ्याने आधी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीकडे बघत होते.

"मागच्या महिन्यात ताटली गेली होती, आठवतंय?"

"तुम्ही बदललीत ना."

"मी बदलली. पण आधी हे आले होते, तू कामावर होतीस. म्हणाले, मी काढून देतो, त्यात काय. हात वर केला. पोचला नाही. मग माझ्याकडे स्टूल मागितलं. स्टुलावर चढले आणि पाय थरथरायला लागले. मी धरलं. पण मला काही ते बघवलं नाही. मंगळवारी तू विषय काढलास तेव्हा म्हटलं, यांनी इथे राहायचं तर यांचा हात पोचेल असा दिवा पाहिजे. तुझ्या दुकानात आलो असतो तर तू छताचं भाषण दिलं असतंस."

यांनी इथे राहायचं तर. त्याने ते इतक्या सहज म्हटलं, माप सांगावं तसं, की धाकट्याने मान वर केली आणि बाबांनी खाली घातली. म्हणजे तो 'बघू' खरोखरच बघू होता. त्याने बघितलं होतं. पट्टी लावून, खडूने रेघ मारून, समोरच्या दुकानात जाऊन.

नवऱ्याने खिशातून बल्ब काढला. पुठ्ठ्याच्या डबीतून सोडवला, सदऱ्याला पुसला आणि बाबांकडे न देता तिच्याकडे दिला. तिच्या हाताला ओलं पीठ लागलेलं होतं, तिने ते पदराला पुसलं. बल्ब हलका होता, आता सगळेच बल्ब हलके असतात. ती रोज असे शेकडो हाताळायची. ती पुढे गेली आणि बाबांच्या हातात तो दिला. जवळून त्यांच्या डोळ्यांत बघायला तिला मान फारशी वर करावी लागली नाही. मग ती वळली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. बटणावर तळहात दाबून धरला.

बाबांनी बल्ब एकदा बोटांत फिरवला.

"बंद?"

"बंद," ती म्हणाली. ओरडली मात्र नाही. "बंद आहे, बाबा."

त्यांनी हात वर केला. सावकाश. टाचा जमिनीवरच होत्या. हात पोचला. काचेच्या वाटीत बोटं शिरली आणि तो बारीक आवाज आला, काचेचा पितळेवर. सदरा पुढून, मागून सारखाच वर सरकला. धाकटा न सांगता दोन्ही हात पसरून उभा राहिला होता, झेलायला जुना बल्ब नव्हता तरी.

"लाव," बाबा म्हणाले.

तिने लावला. बाहेर लख्ख दुपार होती, खिडकी उघडी होती, त्यामुळे दिवा लागला की नाही हेच नीट कळेना. म्हणून बाबांनी त्याच्याखाली तळहात धरला. हातावर पिवळट उजेडाचा एक गोल पडला. त्यांनी तो हात उलटा केला, सुलटा केला, मग मान वळवून सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, एक भिंत, दुसरी भिंत, खिडकी, दार. छापखान्यात जुळणीला जागा किती ते बघायचे तसे.

"या भिंतीला नको," ते म्हणाले. "खाट त्या भिंतीला टाक. इथे उजेड डोळ्यांवर येईल."